‘माहीत नाही’ म्हणणारी होडी

पमे, रडणं मागाहून. आधी आपलं भांडण पुरं करू. अर्ध्या भांडणातून उठून जायची सवय माझी होती, तुझी नव्हे. तू तर घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात माझ्या खुर्चीमागे उभी राहून, चहा गार होईस्तोवर मुद्दा सोडायची नाहीस. आणि या वेळी, जिथे खरंच तुझ्याकडून उत्तर हवं होतं तिथे, तापाचं निमित्त केलंस आणि चौथ्या दिवशी निघून गेलीस. ही काय पद्धत झाली?

बावीस दिवस झाले. लोक मला विचारतात, प्रमिला तुमची कोण? काय सांगू त्यांना? सोळा वर्षं शेजारी बसून कोड लिहिणाऱ्या बाईला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. मैत्रीण म्हणावं तर आपण कधी एकमेकींना वाढदिवसाला साडीसुद्धा दिली नाही. आपण डबे खाल्ले. माझ्या डब्यातली काळ्या वाटाण्याची उसळ तू संपवायचीस आणि तुझ्या डब्यातलं सुकट मी, आणि मग दिवसभर ऑफिसात वास येतो म्हणून साहेब कुरकुर करायचे. आता माझ्या उसळीला मी एकटी पुरत नाही, ती काही संपत नाही.

तुला आठवतं, आपली ओळख अंधेरीच्या त्या कॉम्प्युटर क्लासात झाली. सर फळ्यावर कुत्रा, मांजर आणि गाय काढून शिकवत होते. प्राण्याला सांगायचं ‘आवाज काढ’, मग ज्याचा त्याचा आवाज ज्याचा तो काढतो. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मला ओ की ठो कळलं नव्हतं. बाहेर टपरीवर तू, ओळख ना पाळख, मला म्हणालीस, “कुत्र्या-मांजरांचं सोड गं. माझी आई मासळी विकते. गिऱ्हाईक येतं आणि फक्त ‘साफ करून दे’ म्हणतं. कसं साफ करायचं ते गिऱ्हाईक सांगत नाही. कोळंबी असली तर सोलून दोरा काढायचा, बोंबील असला तर डोकं उडवायचं, खेकडा असला तर नांग्या मोडायच्या. हुकूम एकच. करायचं काय, ते पाटीत काय आहे त्यावर ठरतं. झालं.”

मी विचारलं, “आणि तुला ठाऊक नसलेला मासा आला तर?”

“आईकडे सरकवते.”

“आईलाही ठाऊक नसला तर?”

“आई आजीकडे सरकवते. आणि आजीलाही ठाऊक नसला ना, तर आजी म्हणते, ‘ह्यो मना म्हाइत नाय, टाक परत दर्यात.’ अंदाजानं कुणी सुरी लावत नाही. एखाद्याच्या पोटात विष असतं, यार.”

पुढे सोळा वर्षं पगार घेऊन मी जे काही केलं ते या टपरीवरच्या ज्ञानावर. सरांना मी अजून मान देते, पण गुरू तू.

म्हणून तू तुझ्या गावच्या, मढच्या, मच्छीमारांसाठी रविवारी बसून फुकट प्रोग्राम लिहायला घेतलास, तेव्हा मी आपणहून शेजारी येऊन बसले. साधीच गोष्ट होती. होडी निघाली की मच्छीमार सोसायटीच्या कारकुनानं फोनवर ‘निघाली’ दाबायचं, आली की ‘आली’. दर तासाला प्रोग्राम बाहेर असलेल्या प्रत्येक होडीला एकच प्रश्न विचारणार: तुला उशीर झालाय का? विचारणाऱ्याला होडी कसली आहे याच्याशी मतलब नाही. लहान होडी घड्याळ बघून उत्तर देणार, पाण्याच्या ओढीत डोल जाळं लावणारी होडी भरती-ओहोटी बघून, आठ-आठ दिवस जाणारी मोठी बोट दिवस बघून. जिच्या क्लासात, म्हणजे प्रोग्राममधल्या तिच्या साच्यात, स्वतःचं उत्तर लिहिलेलं नाही, तिचा प्रश्न वर बापाकडे जाणार. बाप म्हणजे ‘नौका’ नावाचा मूळ क्लास. उत्तर ‘हो’ आलं की बंदरावर भोंगा.

पहिल्यांदा दाखवायला नेला तो दिवस मला आठवतो. सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे नाखवे, होड्यांचे मालक, पाय पसरून बसलेले. प्रोग्रामनं एका होडीला प्रश्न विचारला. तिचं उत्तर आपण लिहायचं विसरलो होतो. प्रश्न बापाकडे गेला, बापाकडेही काही नव्हतं. एरर वर वर चढत गेली, तिला पकडायला कुणीच नव्हतं, आणि भिंतीवर लाल अक्षरात इंग्रजी येऊन सगळं ठप्प. मागून एक म्हातारा नाखवा म्हणाला, “पोरींनो, यापरीस आमची म्हातारी बरी. ती रुसली तरी मराठीत रुसते.” हॉलभर हसू. तूही हसलीस, तुझं गाव ते. माझे मात्र कान तापले.

सोमवारी ऑफिसात आल्या आल्या मी ‘नौका’ क्लास उघडला आणि एक ओळ लिहिली. उशीर झालाय का? नाही. बस्स. आता कुठल्याही होडीला काही विचारा, काही ना काही उत्तर येणारच, लाल अक्षरं परत दिसणार नाहीत. तुला म्हटलं, “नीट केलं.” तू तुझ्या स्क्रीनवरून मान न उचलता म्हणालीस, “झकास.”

हे मी कुठून शिकले ते सांगू? माझ्या बाबांकडून. मिल बंद पडल्यावर ते विक्रोळीला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. येणाराजाणारा पत्ता विचारायचा. ठाऊक असो नसो, बाबा हात लांब करून दाखवायचे, “सरळ जावा, मगे डावीकडे.” मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “माणूस आशेन इचारता. तेका म्हायत नाय असा कसा सांगूचा?” किती माणसं बाबांनी खारफुटीत पाठवली असतील देव जाणे. तर तेच रक्त माझ्यात आहे, पमे. हे कारण आहे, सबब नाही.

मग ते शूटिंग आलं. तुमच्याकडे बंगल्यांवर शूटिंग म्हणजे काही नवल नाही, पण त्यांना हिरोसाठी होडी हवी होती आणि तुझ्या भावाची, दादूसची, होडी त्यांना पसंत पडली. रंगबिंग लावून महिनाभर ती किनाऱ्याला उभी. रोज सकाळी ती शूटिंगला दिली की कारकून सवयीनं ‘निघाली’ दाबायचा, ती सुटायची संध्याकाळी, आणि रोज दुपारी भोंगा वाजायचा. तू म्हणालीस, “शुभे, हिच्यासाठी वेगळा क्लास कर ना, उशिराचं उत्तर वेगळं दे.” मी पाच मिनिटांत ‘शूटिंगची होडी’ असा क्लास केला, नाव-नंबर घातला आणि जेवायला गेले. उशिराचं उत्तर लिहायचं राहून गेलं. भोंगा मात्र थांबला, म्हणून आपल्याला वाटलं काम झालं. तो थांबला होता माझ्या त्या एका ओळीमुळे.

शूटिंगवाले गेले. होडीची नोंद बदलायची कुणाला आठवण? दादूस दोन खलाशी घेऊन मासळीला गेला. इंजिन बंद पडलं, वारा बाहेर ओढत होता. बाराच्या सुमाराला यायची होडी तीनला आली नाही. तुझी आई कारकुनाकडे गेली. कारकुनानं फोन पुढे केला, “बघ मावशी, हिरवं हाय. उशीर नाय.” पाचला ती परत गेली. परत हिरवं. मग तिनं तुला फोन लावला. मी शेजारीच होते. तू स्क्रीन उघडून बघितलीस आणि म्हणालीस, “आई, उशीर नाही दाखवतंय गं. थांबला असेल कुठेतरी.” पमे, हे तू बोललीस, पण ते शब्द माझे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्सोव्याच्या एका बोटीला ते दिसले. तिघेही जिवंत. पाणी संपलेलं, ओठ फुटलेले, एक खलाशी दोन दिवस हॉस्पिटलात. पण तिघेही आले. हे मी रोज एकदा मनात म्हणते, अजूनही.

तू कोड उघडलास. कुठली ओळ कुणी लिहिली ते तिथे नावानिशी दिसतं. या वेळी तू खुर्चीत होतीस आणि मी मागे उभी. तू ओळ वाचलीस, शेजारचं नाव वाचलंस. मी वाट बघत होते की आता ही फाडून खाणार. स्वल्पविरामावरून ऑफिस डोक्यावर घेणारी बाई तू. तू स्क्रीन बंद केलीस आणि म्हणालीस, “चल, चहा पिऊ.” तुझ्या ओरडण्याला मी कधी घाबरले नव्हते, त्या चहाला घाबरले.

रस्त्यावर मात्र आपण भांडलो. लोक वळून बघत होते.

“बंद पडू नये म्हणून केलंस?”

“हो.”

“बंद पडला असता तर कारकुनानं मला तिथल्या तिथे फोन केला असता, शुभे! त्याला निदान कळलं असतं की काहीतरी बिनसलंय!”

“आणि रोज बंद पडला असता तर त्यानं फोन दर्यात फेकला असता! लांडगा आला रे आला झालं असतं. रोजच्या भोंग्याकडे कोण लक्ष देतं?”

“ते वेगळं. तुला त्या दिवशी हॉलमध्ये लाज वाटली. बाकीचं सगळं तू आत्ता, इथे, या फूटपाथवर रचते आहेस.”

खरं होतं. तुझ्याशी भांडताना हीच पंचाईत, तू नको तिथे खरं बोलायचीस. मी म्हटलं, मी दादूसला सांगते, माझी चूक आहे. तू म्हणालीस, “आत्ता नको. आत्ता गेलीस तर तो तुला नांगराला बांधून सोडेल.” आणि रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये, मी सांगायचं की नाही हे ठरवायच्या आत, तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, “ती ओळ माझी आहे.” मी दुसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसले होते. मी उठले नाही. कुणी मला धरून ठेवलं नव्हतं, पमे. मी उठले नाही.

दादूस तुझ्याशी चार महिने बोलला नाही. एका घरात राहून. “आई, तिला सांग, दार लाव.” “आई, तिला सांग, दिवा घालव.” तू ऑफिसात येऊन त्याच्या नकला करून दाखवायचीस आणि सगळे हसायचे. मी पण हसायचे, निर्लज्जासारखी. नारळी पौर्णिमेला तो परत बोलायला लागला, पण टोमणा काही गेला नाही. जाता येता, “हिचा कॉम्प्युटर आपल्याला बुडवनार होता.”

मी किती वेळा विषय काढला. दर वेळी तुझं एकच: “एरर मी पकडली ना? मग ती परत वर फेकायची नसते.” शेवटच्या वेळी मात्र मी ऐकलं नाही. म्हटलं, “पकडून केलंस काय तू? नुसती गिळलीस! सोळा वर्षं मला ओरडत आलीस, एरर गिळू नको, ज्याला तिचं काही करता येईल त्याच्यापर्यंत जाऊ दे. इथे करता कुणाला येणार होतं? दादूसला. राग यायचा तर माझा येऊ दे, माफी द्यायची तर मला देऊ दे. तू मध्येच गिळून बसलीस.” तू नखानं टेबलाचा कोपरा खरवडत बसलीस. मग म्हणालीस, “डोकं दुखतंय गं. उद्या बोलू.”

उद्या तुला ताप होता.

हे ते भांडण. आता पुढचं ऐक, जे तुला ठाऊक नाही.

ती ओळ आपण काढली, ते तुला ठाऊक आहे. ‘नौका’ आता उत्तर ठोकून देत नाही, ‘माहीत नाही’ म्हणते. आणि ‘माहीत नाही’ला भोंगा नाही वाजवायचा, एका माणसाच्या फोनवर निरोप द्यायचा की बाई, जाऊन बघ, हा मुद्दा माझा होता आणि तू तो मानलास. हे मुद्दाम सांगते, कारण चारचौघांत तू कधी कबूल केलं नसतंस. ते माणूस म्हणजे तू. तुझा नंबर. निरोप आला की तू कारकुनाला, शेजारणीला, कुणाकुणाला फोन लावून होडीचा ठावठिकाणा काढायचीस. तू असताना आपल्याला वाटलंच नाही की तो नंबर कधी बदलावा लागेल.

तुझ्या बाराव्यानंतरच्या मंगळवारी दुपारी मी डबा उघडत होते आणि माझा फोन वाजला. वर नाव: पमा.  मी उचलायला इतका वेळ लावला की तो बंद होऊन परत वाजला. तुझी आई होती. “बाय, पमीचा फोन सकालपासून वाजतंय. मेसेज येतान. मना वाचता येत नाय. कुनाचा काय काम असल तर?” तुझ्या फोटोपुढे ठेवला होता तिनं तो, चार्जरला लावून.

मला लगेच कळलं. डबा तसाच टाकला आणि कॉम्प्युटर उघडला. एका होडीचं उत्तर अजून लिहिलेलं नव्हतं, म्हणून तिचं प्रोग्रामला कळत नव्हतं, आणि तो बिचारा शिकवल्याप्रमाणे दर तासाला सांगत होता, माहीत नाही, जाऊन बघा, माहीत नाही, जाऊन बघा. कारकुनाला फोन केला. होडी कधीच येऊन वाळूत पडली होती, तोच ‘आली’ दाबायला विसरला होता. काही झालं नव्हतं. पण प्रोग्राम आता खरं बोलत होता आणि ऐकायला वर कुणी नव्हतं.

तो नंबर घाटकोपरला बसूनही बदलता आला असता. तरी मी उठले, मेट्रोनं वर्सोव्याला गेले, मढला नेणाऱ्या तरीत बसले. तरीत बसून एकच विचार. आज सांगायचं का? सांगितलं तर तुझ्या डोक्यावरचा आळ जाईल. पण दादूसला कळेल की बहिणीशी तो चार महिने उगाच अबोला धरून होता, आणि आता ते भरून काढायला बहीण नाही. त्याला हे का द्यावं? आणि नाही दिलं तर तू कायमची त्याला बुडवणारी बहीण राहणार. पाच मिनिटांचा तो पाण्यावरचा रस्ता, आणि पलीकडे उतरले तेव्हाही माझं ठरलेलं नव्हतं.

दादूस ओट्यावर जाळं दुरुस्त करत होता. आईनं मला आत बसवलं, तुझा फोन हातात दिला. मी लॅपटॉप उघडला. दादूस दारात येऊन उभा राहिला. “पमीचा नंबर कशाला होता यात?” मी समजावून सांगितलं. होडीला प्रश्न, होडीला ठाऊक नसेल तर बापाला, बापालाही ठाऊक नसेल तर तो ‘माहीत नाही’ म्हणतो आणि माणसाला बोलावतो. तो शांतपणे ऐकत होता. सगळं त्याला कळलं, माझ्यापेक्षा लवकर कळलं. आणि म्हणून त्यानं विचारलं, “मग त्या टायमाला का नाय बोलली, म्हाइत नाय?”

बघ ना पमे, इतका सरळ प्रश्न. याला फक्त एकच खरं उत्तर होतं.

“कारण तेव्हा तिथे ‘उशीर नाही’ असं लिहिलेलं होतं. ते मी लिहिलं होतं, दादूस. पमानं नाही. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. मीटिंगमध्ये तिनं माझी चूक अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली.”

त्यानं हातातली सुई खाली ठेवली आणि बाहेर निघून गेला. खिडकीतून दिसत होता. होडीच्या कडेला हात टेकून उभा. तुझी आई माझ्याकडे बघत होती. “खरा?” मी म्हटलं, खरं. ती म्हणाली, “मनाबी नाय सांगितला तिनं.” 

तो परत आला तेव्हा डोळे लाल होते. “तुना आता सुचला?” ओरडलाच. “तवा सांगितला असता तर दोन शिव्या देऊन मोकला झालो असतो! तुना पन दिल्या असत्या नि तिना पन! चार महिने... अगं, एकदा ती पाणी घेऊन आली तर मी ताट सोडून उठलो.” आणि तो, एवढा गडी, खाली बसून हुंदके द्यायला लागला. मीही रडले. हॉस्पिटलात रडले नव्हते, घाटावर नव्हते, तिथे तुझ्या घरात, मांडीवर लॅपटॉप घेऊन भडाभडा रडले. माफ कर म्हटलं. त्याला म्हटलं, तुला म्हटलं, दोघांनाही.

तुझी आई पदरानं तोंड पुसून म्हणाली, “झाला? आता नंबरचा बगा. होड्या भायेर हाईत.”

मी म्हटलं, माझा नंबर घालते. दादूस नाक ओढत म्हणाला, “तू कांजूरला राहतेस. तिथून तुला काय दिसनार, कचऱ्याचा डोंगर? माझा घाल.” आणि तुझी आई इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली. “येड्या, तू तर दर्यात असशील! तुजीच होडी हरवली तर तू जाऊन बगशील? माजा घाल. मी बंदरावरच असते. त्या दिवशी पन मना दिसत व्हता, माजा पोर नाय आयला. पन त्या हिरव्यावर भरोसा ठेवला.”

तिचाच घातला.

रविवारी दादूसनं मला सोसायटीत नेलं. म्हणाला, जिथे ती बोलली तिथेच तू बोल. मी उभी राहिले आणि सांगितलं.  कुणी हसलं नाही. तो म्हातारा नाखवा तेवढा म्हणाला, “पमी खोटा बोलली म्हंजे आमच्यासमोर. बरा झाला सांगितलास.” मग त्यानं विचारलं की त्याच्या नव्या बोटीची नोंद कधी करणार, कारण ती डोलही लावते आणि लांबही जाते. मी म्हटलं, तिला आधी ‘माहीत नाही’ म्हणू दे, मग बसून नीट उत्तर लिहू.

तर भांडणाचा निकाल असा, की तू चुकलीस, पमे. तू माझी एरर गिळायला नको होतीस. आणि तू ती गिळलीस म्हणून मी त्या ऑफिसात मान वर करून काम करू शकले, त्याचे उपकार मी कुठे फेडू? दोन्ही खरं आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस की एका प्रश्नाची दोन उत्तरं देणारा कोड भिकार. असू दे भिकार. दादूस आता टोमणा मारत नाही. तुझ्या फोटोला सकाळी फुलं तोच घालतो, आणि आईनं सांगितलं की निघताना तुझ्याशी काहीबाही बोलतोसुद्धा, मासळीबद्दल, इंजिनाबद्दल.

राहता राहिली एक अडचण. आईला वाचता येत नाही, मग निरोप कसा कळणार? म्हणून मी निरोप माझ्या आवाजात भरला. फोन उचलला की ऐकू येतं: “आई, एका होडीचं मला कळत नाहीये. जरा बंदरावर जाऊन बघून या ना.” मग होडीचं नाव. एवढंच. आतापर्यंत तीन वेळा वाजलाय. दादूस सांगतो, आई त्या रेकॉर्डिंगला “हां बाय, जाते” म्हणते आणि मग चपला घालते. तीनही वेळा होडी होती, आणि तीनही वेळा तिनं कारकुनाला फैलावर घेतलं. तो आता न विसरता ‘आली’ दाबतो.

आज दुपारी तिचा फोन आला, सगळं ठीक आहे सांगायला. मी म्हटलं, “आई, तो निरोप जरा लांब झालाय, कापून लहान करते. नुसतं होडीचं नाव ठेवते, म्हणजे तुमचा वेळ जायला नको.”

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मागे समुद्राचा आवाज येत होता.

“बाकीचा काय कापायचा तो काप,” ती म्हणाली. “पयला ‘आई’ बोलतंस ना, तेवरा काढू नको.”

नाही काढत, म्हटलं.